साडेतेरा तास

“केरसुणी ठेव आधी खाली,” आई म्हणाली.

मी ठेवली नाही. सोमवारची सकाळ होती, सव्वाआठ वाजले होते. रंगा, म्हणजे माझा मोठा भाऊ श्रीरंग, आठच्या मुंबई गाडीनं कराड सोडून गेला होता. बाहेरच्या खोलीची नुसती दुर्दशा झाली होती. आदल्या दिवशी तिथेच त्याचं सामान बांधलं होतं. सुतळीचे तुकडे, वर्तमानपत्रांचे कपटे, मेतकुटाची भुकटी, आयत्या वेळी बॅगेतून बाहेर काढलेल्या गुळाच्या ढेपेचा चुरा, असं सगळं भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलं होतं.

“अगं, पाय ठेवायला जागा नाही,” मी म्हटलं.

“राहू दे तसंच. माणूस वाटेवर आहे. तो पोचल्याचं कळेपर्यंत या घरात केर काढायचा नाही.”

“तो रहिमतपूरला नाही गेलेला. व्हँकुव्हरला गेलाय.”

“मग व्हँकुव्हरला पोचेपर्यंत.”

ही आईच्या माहेरची रीत. गावाला गेलेल्याची पावलं मागून झाडायची नाहीत. इथवर मी सोसलं असतं. पण त्या रीतीला एक शेपूटही होतं, आणि माझं सगळं घोडं त्या शेपटात अडकलं होतं. घरातलं एक माणूस वाटेवर असताना दुसऱ्यानं घर सोडून परगावी जायचं नाही.

आणि मला बुधवारी पुण्याला जायचं होतं.

हे एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या जानेवारीतलं. मी चोवीस वर्षांची होते. कराडच्या एका शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी भूगोल शिकवत होते. मार्चमध्ये त्या बाई परत येणार आणि मी घरी बसणार, हे ठरलेलं होतं. पुण्याच्या एका शाळेत भूगोलाची कायमची जागा निघाली होती. बुधवारी अकरा वाजता मुलाखत. ते पत्र मी इतक्यांदा उघडून वाचलं होतं, की घडीवर त्याचा कागद फाटायला आला होता. त्या पत्राबाहेर माझ्यापुढे काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मला नको होतं. मामानं आणलेलं विट्याचं एक स्थळ.

“बुधवारी मी जाणार आहे, आई. तुला महिनाभर सांगतेय.”

“जा की. रंगा पोचला, की जा.”

“मी कोल्हापूरला शिबिराला गेले होते, तेव्हा माझ्यामागे केर काढला होतास ना? तेव्हा कुठे गेली होती ही रीत?”

आईनं माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि दारामागे ठेवली. नाना कोपऱ्यात चहा पीत बसले होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि पुन्हा कपात बघायला लागले. मला जे कळायचं ते कळलं, असं मला वाटलं. मुलगा गेला, की घर थांबतं. मुलगी गेली, की घरातली कामं आवरून घेतात.

“बरं,” मी म्हटलं, “तो पोचणार कधी, तेवढं काढू या.”

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराड स्टँडवरच्या त्या जाळीच्या केबिनमध्ये बसून माईकवरून गाड्या पुकारणं आणि वह्यांत त्यांच्या वेळा लिहिणं, ही त्यांची पंचवीस वर्षांची नोकरी. कुठली गाडी किती वाजता सुटते आणि किती वाजता पोचते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत असे. रंगा जाताना एक चिठ्ठी लिहून भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून गेला होता. नानांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली.

“मंगळवार, मुंबई सुटणार पहाटे दोन. मंगळवार, व्हँकुव्हर पोचणार दुपारी साडेतीन. मध्ये लंडनला गाडी बदलायची.”

“विमान,” मी म्हटलं.

“तेच ते. दोनला सुटली, साडेतीनला पोचली. साडेतेरा तास.”

“लंडनला थांबेल ना पण?” आईनं विचारलं.

“थांबा धरूनच वेळ दिलेली असते. आमच्या नागपूर गाडीला नाही का, चार ठिकाणी चहा असतो. वेळापत्रकात सगळं मोजलेलं असतं.”

मला तेवढ्यानं समाधान होईना. मी भूगोलाची बाई होते. शाळेतला पृथ्वीचा गोल तपासून घ्यायला म्हणून घरी आणला होता, तो मी कपाटावरून काढला. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक मुंबईवर धरलं, दोरा ताणून रशियावरून, उत्तर ध्रुवाच्या जवळून पलीकडे नेला आणि व्हँकुव्हरवर नखानं दाबला. पट्टीवर मोजला तर तीस सेंटिमीटर आणि वर थोडा. गोलावर लिहिलं होतं, एक सेंटिमीटरला चारशे किलोमीटर.

“बारा हजार दोनशे,” मी म्हटलं. “विमान तासाला नऊशेनं जातं.”

नानांनी तोंडी भागाकार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. “साडेतेरा! बघ, एकूण एक जुळलं.”

दोन वेगळ्या वाटांनी काढलेलं उत्तर एकच आलं, की माणसाला दुसरा पुरावा लागत नाही. मी आईपुढे जाऊन उभी राहिले आणि शाळेत सांगते तसं सांगितलं, “उद्या, मंगळवारी दुपारी साडेतीनला रंगा पोचणार. चारपर्यंत त्याचा फोन येईल. साडेचारला मी केर काढीन आणि परवा सकाळी सहाच्या गाडीनं जाईन. कबूल?”

“तू म्हणतेस ना?”

“मी म्हणते.”

“मग कबूल,” आई म्हणाली.

आमच्याकडे फोन नव्हता. समोरच्या मुतालिक वकिलांकडे होता, आणि रंगाला तोच नंबर दिलेला होता. सोमवारी संध्याकाळी मुंबईहून मावसभावाचा फोन आला, सगळं नीट आहे, आता विमानतळावर सोडायला निघतोय. इथवर ठीक चाललं होतं.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच घरी आले. आई खिडकीशी पाट घेऊन बसली होती. साडेतीन वाजले. चार वाजले. चार वाजून दहा मिनिटांनी वकिलांचा फोन वाजला आणि आई तशीच अनवाणी रस्ता ओलांडून पळाली. मी मागून चपला घेऊन गेले. वकिलांच्या एका पक्षकाराला तारीख हवी होती.

पाच वाजले. आई पाटावर. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि पायाखाली गुळाचा चुरा चरचरत होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांना झाडायचीही चोरी.

“फोन लागत नसेल,” मी म्हटलं.

“तू चार म्हणाली होतीस.”

“अगं, सामान मिळायला वेळ लागतो. रांगा असतात.”

“तू चार म्हणाली होतीस, कुंदे.”

सहाला नाना ड्युटीवरून आले. त्यांनी आल्या आल्या आईचं तोंड पाहिलं आणि कधी नव्हे ते शर्ट खुंटीला न लावता खुर्चीवर टाकला. “उशीर होतो,” ते म्हणाले, “आमची सोलापूर गाडी नाही का परवा...” आणि त्यांनी जीभ चावली. सोलापूर गाडी परवा नाल्यात गेली होती.

वकिलीणबाई येऊन गेल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, सुतळ्या पाहिल्या, मुंग्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “काही मदत लागली तर सांगा हो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग कुणाकुणाचा यावा? रंगाचा आला, कारण एक फोन करायला त्याला काय धाड भरली होती. आईचा आला, नानांचा आला. आणि मनात एक विचार आला, ज्याची मला आजही लाज वाटते. भावाचं काय झालं असेल याआधी मला वाटलं, की उद्याची गाडी चुकणार.

दिवेलागणीला काहीतरी आवरायचं म्हणून मी गोलाभोवतीचा दोरा सोडवायला घेतला. तो व्हँकुव्हरच्या बाजूला अडकला होता. दोरा काढताना मी गोल फिरवला, आणि नखाखालच्या रेघेवर आकडा दिसला. एकशे तेवीस पश्चिम.

मी तशीच खाली बसले. त्या मुंग्यांत.

आठवीच्या वर्गाला मी हा धडा दिवाळीआधी शिकवला होता. पंधरा रेखांशांना एक तास. पूर्वेला घड्याळ पुढे, पश्चिमेला मागे. फळ्यावर सूर्य काढला होता, पोरांकडून पाच उदाहरणं सोडवून घेतली होती, ज्यांची चुकली त्यांना ती दहादा लिहायला लावली होती. आणि घरी मी एसटीच्या वेळापत्रकासारखी साडेतीनातून दोन वजा करून बसले होते! व्हँकुव्हरचे दुपारचे साडेतीन म्हणजे आपले बुधवारचे पहाटेचे पाच. साडेतेरा नव्हेच. सत्तावीस तास. बरोब्बर दुप्पट. रंगा या घटकेला कुठेतरी समुद्रावर होता आणि एअरहोस्टेसनं दिलेला पाव खात होता.

“आई,” मी म्हटलं, “तो पोचायला अजून अकरा तास आहेत. माझं चुकलं.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. ती दिसली नाही.

मी गोल तिच्यापुढे ठेवला. सूर्य, रेखांश, घड्याळं, सगळं सांगितलं. नाना मान हलवत होते, “असं असतं होय, असं असतं होय,” म्हणत होते. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“काल तू असाच दोरा लावून तेरा सांगितलेस,” ती म्हणाली. “आता दोरा काढून सत्तावीस सांगतेस. उद्या सहाला तुला जायचंय म्हणून पाच म्हणतेयस का?”

“आई!”

“मला कसं कळायचं?”

खरं सांगून खोटं ठरण्याइतका संताप दुसऱ्या कशानं येत नाही, आणि त्यात तिची काडीचीही चूक नव्हती, म्हणून तो दुप्पट झाला. मी न जेवता आडवी झाले.

पहाटे साडेचारला उठून, आवरून, निळी साडी नेसून मी दाराशी बसले. प्रमाणपत्रांची पिशवी मांडीवर. पाच वाजले. सव्वापाच. वकिलांच्या घरात दिवा नव्हता. साडेपाच. स्टँडवर जायला पंधरा मिनिटं लागत.

आई खिडकीशी तशीच होती. रात्रभर तिथून हलली नव्हती.

“मी निघते,” मी म्हटलं.

“त्याचा फोन आलेला नाही.”

“येईल. सामान घेत असेल. माझी मुलाखत आहे, आई. परत असं पत्र यायचं नाही.”

“एकजण वाटेवर आहे.”

“तो बारा हजार किलोमीटरवर आहे, मी एकशे साठ किलोमीटर जाणार आहे! त्याच्या पायात माझा पाय कशाला बांधतेस?”

नाना मध्ये पडले नाहीत. ते गणवेश चढवत होते आणि वरचं बटण त्यांना सापडत नव्हतं. रंगा निघाला तेव्हा त्याच्या हातावर दही घातलं होतं, त्याला औक्षण केलं होतं, शेजारीपाजारी दारात आले होते. माझ्या हातावर दही घालायचं आईला सुचलं नाही, आणि मीही मागितलं नाही. मी उंबऱ्यावर आल्यावर ती पाठमोरी राहूनच म्हणाली, “पुण्याला किती तास लागतात, ते तरी नक्की ठाऊक आहे का?”

“चार,” मी म्हटलं. “संध्याकाळच्या गाडीनं परत येईन.”

नानांनी मला नाशिक गाडीत बसवून दिलं. ती पुण्यावरून पुढे जाते. खिडकीच्या गजावर दोन बोटं आपटली आणि केबिनकडे गेले.

मुलाखतीला सत्तावीस जण होते. आकडा ऐकून मला हसू आलं आणि लगेच जिरलं. अकराची वेळ दिलेली, माझा नंबर लागला पावणेसहाला. पोटात सकाळपासून दोन कप चहा. तिघेजण बसले होते. एकानं विचारलं, लग्न ठरलंय का. दुसऱ्यानं विचारलं, पुण्यात राहायला कोण आहे. तिसरा माझं पत्र उलटसुलट करून त्या फाटत आलेल्या घडीकडे बघत होता. मोसमी वारे नाहीत, रेखांश नाहीत, काही नाही. सात मिनिटांत मी बाहेर.

संध्याकाळची गाडी गेलेली होती, आणि रात्रीच्या गाडीनं एकटीनं जाणं मला नको वाटलं. शैला नावाची माझी मैत्रीण सहकारनगरला राहत असे, तिच्याकडे गेले. तिच्याकडे फोन होता. तिनं जेवण वाढता वाढता विचारलं, “घरी कळवलंस? ट्रंक कॉल लावून ठेवू का? अर्ध्या तासात लागेल.”

“नको,” मी म्हटलं.

“अगं, वाट बघत असतील.”

“त्यांची वाट बघायची वेगळी माणसं आहेत.”

हे मी रागानं म्हणाले असं शैलाला वाटलं. रागानं नव्हतंच ते. मला खरोखर तसंच वाटत होतं. एव्हाना रंगाचा फोन आला असणार, आईनं देवापुढे साखर ठेवली असणार, केर निघाला असणार आणि घर पुन्हा सुरू झालं असणार. त्या घरात मी एका संध्याकाळी नसले, तर ताटांत एक ताट कमी, एवढाच काय तो फरक. जेवताना मला घास उतरेना. मी शैलाला म्हटलं, भाजी तिखट झालीय.

गुरुवारी दुपारी बाराला मी कराड स्टँडवर उतरले. नाना केबिनमध्ये नव्हते. फलाटावर होते, पुण्याच्या फलाटावर, गाडीच्या दाराला जवळजवळ चिकटून. मी उतरले, तर त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“काल किती वाजता सुटलीस?”

“सहाला. तुम्हीच तर बसवलंत.”

“आत्ता बारा वाजले.” त्यांनी नेहमीसारखी वजाबाकी केली, पण आवाज नेहमीसारखा नव्हता. “तीस तास. रंगा सत्तावीस तासांत व्हँकुव्हरला पोचला.”

“नाना, मुलाखत लांबली, मग गाडी...”

“काल संध्याकाळपासून पुण्याच्या बारा गाड्या आल्या. बाराही गाड्यांत मी चढून पाहिलं. रात्रीच्या चार तर ड्युटी संपल्यावर.” पिशवी माझ्याकडे परत देत ते म्हणाले, “घरी जा आधी.”

मी रस्त्याला लागले तेव्हा मागून माईकवर त्यांचा आवाज ऐकू आला. पाटण गाडी त्यांनी तासगावच्या फलाटावर पुकारली. पंचवीस वर्षांत अशी चूक त्यांच्या हातून मी ऐकली नव्हती.

घराचं दार सताड उघडं होतं. चप्पल काढायला वाकले आणि तशीच थांबले. सुतळीचे तुकडे तिथेच होते. कपटे तिथेच होते. गुळाच्या चुऱ्यावर मुंग्यांची रांग आता भिंतीपर्यंत गेली होती. सोमवारपासूनचा चौथा दिवस.

आई खिडकीशी पाटावर बसली होती. तिनं मला आपादमस्तक पाहिलं, एकदा पायांकडे, एकदा तोंडाकडे.

“रंगाचा फोन नाही आला?”

“आला की. काल सकाळी साडेसातला. तू म्हणालीस तस्साच पाचला उतरला. सामान मिळेना म्हणून उशीर झाला.”

“काल साडेसातला?” मला काही केल्या लक्षात येईना. “मग अजून केर...”

“काल तू कुठे पोचली होतीस?” आई म्हणाली.

मी दारातच उभी.

“कोल्हापूरला गेलीस, तेव्हा दुपारीच काढला. तुमच्या गाडीचा ड्रायव्हर परत आला आणि नानांना म्हणाला, पोरगी नीट उतरली. दर वेळी कुणीतरी सांगतंच. काल तू बसलीस नाशिक गाडीत. तो ड्रायव्हर आज रात्री यायचा. मग मी कुणाला विचारायचं?”

“तिथे फोन होता,” मी म्हटलं. हे मी का सांगितलं, कोण जाणे. न सांगता भागलं असतं. “शैलाकडे. मी केला नाही.”

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. दोन रात्री त्या पाटावर बसून तिचे पाय धरले होते, दोन पावलं भिंतीला धरून टाकावी लागली. दारामागची केरसुणी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

“घे. काढ आता.”

मी पिशवी खाली ठेवली, निळ्या साडीचा पदर खोचला आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे मुंग्यांची अर्धी रांग तशीच राहिली. आई मागे उभी राहून बघत होती.

“मुलाखत कशी झाली?”

“कळवतील म्हणाले.”

“बोलावलं तर जाशील?”

“जाईन.”

“दही लावून ठेवते आजपासून रोज,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आणि निघताना तास नीट सांगून जात जा, कुंदे. कमी सांगू नकोस. जास्तीचे सांग.”